वडिलांचा माफीनामा

मुलांनो,

तुमच्या घरी टपालाने एक जाडजूड पुस्तक आले असेल. हिरव्या बांधणीचे, वर सोनेरी अक्षरे. आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत. तुम्ही ते उघडलेही नसेल आणि त्याबद्दल मी तुम्हाला बोलणार नाही. मी मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले, कारण कुठलीही गोष्ट अर्धी टाकायची मला सवय नाही. त्यात माझ्या वडिलांवर, तुमच्या पणजोबांवर, दोन ओळी आहेत. ‘सरकारी आरोग्यखात्यात नोकरी. प्रकृती-अस्वास्थ्यामुळे निवृत्त.’ त्यांच्या थोरल्या भावावर, म्हणजे माझ्या मोठ्या काकांवर, दीड पान आहे. शिवाय फोटो.

माझ्या वडिलांची प्रकृती उत्तम होती. दिवसभर वाळूतून आणि बांधावरून चालून आल्यावर ते विहिरीवर जाऊन आईसाठी दोन कळशा भरून आणत. ते निवृत्त झाले नाहीत, त्यांना नोकरीवरून काढून टाकले. का काढले हे ज्यांना ठाऊक होते, त्यांतली मी आता एकटी उरले आहे. तुम्ही इतके दूर आहात की विचारायला तुम्हाला दुसरे कोणी नाही, आणि छापलेले ते खरे मानायची माणसाला खोड असते. म्हणून आता लिहिते. तुमचे मराठी वाचन हळू चालते हे ठाऊक आहे, तेव्हा सोपे लिहीन आणि क्रमाने लिहीन. रागाने लिहीन, हेही आधीच सांगून ठेवते. साठ-पासष्ट वर्षांत तो राग निवला नाही. आता निवेल असे वाटत नाही, आणि निवावा अशी माझी इच्छाही नाही.

वडील देवी काढणारे होते. देवी हा रोग आता जगात नाही, तुम्हाला तो पुस्तकातच भेटेल. अंगभर फोड, ताप, आणि मूल वाचलेच तर तोंडावर व्रण नाहीतर डोळे गेलेले. तो होऊ नये म्हणून दंडावर लस टोचत, त्याला देवी काढणे म्हणत. सरकारने प्रत्येक भागाला एकेक माणूस नेमलेला असे. वडिलांकडे अलिबाग तालुक्यातली समुद्रकाठची काही गावे होती. आमचे स्वतःचे गावही त्यातच होते. लोक त्यांना मास्तर म्हणत, कारण रजिस्टर बाळगणारा प्रत्येक माणूस तेव्हा मास्तरच असे.

भात झोडून झाले की त्यांचा हंगाम सुरू होई, तो शिमग्यापर्यंत चाले. प्रत्येक गावासाठी ताजी लस काचेच्या बारीक नळ्यांत भरून टपालाने येई. वडील त्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या लोटक्यात ठेवत, आणि लोटके वेताच्या करंडीत. पत्र्याच्या पेटीत ठेवत नसत, पत्रा तापतो म्हणून. दुसऱ्या हातात स्पिरिटचा दिवा, टोचायचे हत्यार आणि रजिस्टर असलेली पेटी. कामाची रीत अशी: मुलाचा दंड धुवायचा, चार ठिकाणी कातडी हलकेच खरवडायची, तिथे लस लावायची आणि ती वाळेपर्यंत मुलाला बसवून ठेवायचे. हे शेवटचे फार महत्त्वाचे. टोचणाऱ्याची पाठ वळली की आया लस राखेने पुसून टाकत, देवीचा कोप नको म्हणून. बाकीचे टोचणारे टोचून पुढच्या घरी जात. वडील वाळेपर्यंत बसत. मूल रडले तर मुंबईच्या बोटीच्या भोंग्याचा आवाज काढत. त्यांच्याइतका सोवळा-गंभीर दिसणारा माणूस अचानक बोटीसारखा ओरडला की रडणारी मुले गप्पच होत. मग आठव्या दिवशी परत त्या गावी जायचे आणि दंड तपासायचे. फोड उठला असेल तर देवी लागली. नसेल तर लस फुकट गेली.

हे सगळे घडले त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते. गावच्या शाळेतली चौथी झाली होती. अलिबागला इंग्रजी शाळेत घालायचे वडिलांनी ठरवले होते, पण तिथे राहायची सोय लागायची होती, म्हणून ते वर्ष मी घरी होते. आमच्या आळीतल्या मुलींची त्या वयात लग्ने ठरत. वडिलांनी मात्र जूनचा महिना पक्का केला होता आणि मी दिवस मोजत होते. तोवर ते मला बरोबर नेत. मी रजिस्टरातली नावे मोठ्याने वाचत असे आणि करंडीवर छत्री धरत असे.

प्रत्येक गावाला तीन दिवस लागत. पहिल्या दिवशी वरची आळी, म्हणजे नारळ-पोफळीच्या वाड्यांतली आमच्यासारख्यांची घरे. दुसऱ्या दिवशी कोळीवाडा आणि शेतकऱ्यांची वस्ती. तिसऱ्या दिवशी, उन्हे डोक्यावर आल्यावर, खाडीच्या बांधापलीकडची वस्ती. तिला तेव्हा महारवाडा म्हणत. तो शब्द आज लिहिताना हात थांबतो, पण तेव्हाचे नाव लपवले तर तेव्हाचे वागणेही लपेल. हा क्रम कुठल्या कागदावर नव्हता. तो कोणी ठरवला होता असेही नाही. गावात येणारी प्रत्येक गोष्ट त्याच क्रमाने जाई, मग ते टपाल असो, तलाठी असो की प्रसाद. लसही तशीच गेली. वडील सहा-सात हंगाम त्याच क्रमाने चालले.

मी घरी होते त्याच्या आदल्या वर्षी आमच्या गावात देवीची साथ आली. वरच्या आळीत कोणालाही काही झाले नाही. बांधापलीकडे मुले गेली. रजिस्टरात त्यांच्या नावापुढे देवी काढल्याची खूण होती, तरी गेली. वरिष्ठांनी कारण दिले की ते लोक लस पुसून टाकतात. आळीतल्या लोकांनी कारण दिले की त्यांची कातडीच जाड असते. वडिलांनी पहिले कारण मानले. हे मला लिहावे लागते आहे, कारण मी त्यांची आरती लिहायला बसलेले नाही.

दिवाळीनंतर नवीन जन्मलेल्या मुलांची नावे लिहून घ्यायला आम्ही त्या वस्तीत गेलो. एक म्हातारी दारात बसली होती. तिचे दोन नातू साथीत गेले होते. वडिलांनी तिला समजावणीच्या सुरात सांगितले की यंदा तरी लस पुसू नका. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही.

“मास्तर, त्या दोगांना तुमीच टोचलं व्हतं. मी न्हाय पुसलं. वाळंपत्तुर दंड धरून बसली व्हती मी, तुमच्या म्होरंच. तुमी बोटीचा आवाज काढत व्हता.”

वडिलांनी वही मिटली. घरी आल्यावर त्यांनी सगळी जुनी रजिस्टरे काढली आणि आठव्या दिवसाचे रकाने एकापुढे एक लावून पाहिले. वरच्या आळीत बहुतेक सगळे दंड उठलेले. कोळीवाड्यात त्याहून कमी. बांधापलीकडे फोड उठल्याच्या नोंदी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि तरीही पहिल्या दिवशीची ‘देवी काढल्या’ ही खूण सगळ्यांपुढे कायम. प्रत्येक गावात तेच. कातडीचा प्रश्न नव्हता, राखेचा नव्हता. तिसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत लस मरत होती. वडिलांनी सहा-सात वर्षे त्या मुलांच्या दंडावर मेलेली लस लावली होती आणि ती वाळेपर्यंत प्रेमाने बसले होते.

त्यांनी मग एक साधी गोष्ट केली. हंगामातल्या पहिल्याच गावात क्रम उलटा केला. ताजी नळी फोडली ती शेवटच्या वस्तीत. आठव्या दिवशी तिथले दंड टरारून उठले होते. वडिलांनी मला एकेक दंड दाखवला. त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. आनंद होण्यासारखे त्यात त्यांच्यासाठी काही नव्हते, तो पुरावा त्यांच्याविरुद्धच होता.

दुसरे गाव आमचे. आम्ही सकाळच्या वेळी बांध ओलांडताना दिसल्यावर त्या वस्तीचा म्होरक्या लगबगीने पुढे आला.

“वाट चुकलात व्हय, मास्तर? वरली आळी तिकडं हाय.”

वडील म्हणाले, आज इथूनच. म्होरक्याला ते खरे वाटेना. तो माझ्याकडे बघू लागला, जणू मी तरी खरे सांगेन. म्हातारी मागून म्हणाली, “आज हितून सुरवात केलीत, मंग उद्या तुमाला वर पानी कोन देनार? आमचं तर तुमी पीत न्हाय.” बायका तोंडाला पदर लावून हसल्या. वडील त्या दिवशी पाणी प्यायले नाहीत, तहानलेलेच घरी आले. आठव्या दिवशी मात्र तिथेच प्यायले. मीही प्यायले.

म्हातारीने मस्करीत सांगितले ते दोनच दिवसांत खरे झाले. कोळीवाड्यात अडचण आली नाही. तिसऱ्या दिवशी वरच्या आळीत गेलो तर दारे लोटलेली. पडव्यांतून माणसे बसलेली, पण मुले एकही बाहेर नाही. आळीत बातमी पसरली होती की मास्तरांनी महारांच्या पोरांच्या फोडातला पू नळीत भरून आणला आहे आणि तो ते आता आपल्या मुलांना टोचणार.

ही समजूत मूर्खपणाची नव्हती, हे आधी सांगते. आमच्या आजी-पणजीच्या काळात देवी तशाच काढत, एका मुलाच्या दंडावरची लस दुसऱ्याच्या दंडात. म्हाताऱ्या बायकांना ते आठवत होते. त्यांच्यावर माझा राग नाही. वडिलांनी त्यांना समजावले की ती पद्धत कधीच बंद झाली, आता लस वासराच्या अंगावर तयार करतात आणि नळीत बंद होऊन येते. वासराचे नाव ऐकून काम आणखी बिघडले.

माझा राग आहे मोठ्या काकांवर. गावचे पोस्ट काकांच्या पडवीत होते आणि ते चालवत होते काका. लशीचे पार्सल त्यांच्या हातात पडे. त्यावर इंग्रजीत छापलेले असे, थंड जागी ठेवावे. काकांना इंग्रजी उत्तम येत होते, वडिलांना ते त्यांनीच शिकवले होते. नळ्या बंद असतात, कुठून येतात, कशाच्या असतात, हे त्या आळीत वडिलांखालोखाल फक्त काकांना ठाऊक होते. त्या आठवड्याचे पार्सल त्यांनीच सही करून घेतले होते आणि स्वतः वडिलांच्या हातात दिले होते.

वडील पडवीच्या पायरीशी उभे राहिले. वर चढले नाहीत. म्हणाले, “दादा, पार्सल तुझ्या हातातून आलंय. सही तुझी आहे. सांग यांना.”

सगळे काकांकडे बघत होते. काकांनी पानाचा देठ खुडला, चुना लावला, पान नीट दुमडले. मग म्हणाले, “मला काय कळतंय त्यातलं? तू सरकारी माणूस. तुझं तुला माहीत.”

बस, एवढेच. त्यांनी खोटे बोलायचेही कष्ट घेतले नाहीत. मुलांनो, मी पुढच्या आयुष्यात पुष्कळ खोटी माणसे पाहिली, पण शिकलेला माणूस ठाऊक असलेली गोष्ट गिळतो तेव्हा जे होते तसे अडाण्याच्या खोट्याने होत नाही. काकांना विटाळाची भीती नव्हती. मुंबईला गेले की ते कुठेही चहा पीत. त्यांना भीती होती आळीतल्या मानाची, आणि वडिलांच्या उलट्या क्रमाने तो मान आधीच तिसऱ्या दिवसावर गेला होता.

त्यानंतर वरिष्ठांकडे अर्ज गेला. खाली आळीतल्या कर्त्या माणसांच्या सह्या, पहिली काकांची. मजकूरही काकांच्या अक्षरात. वडिलांना तो पुढे दाखवण्यात आला तेव्हा मी शेजारी होते आणि ते अक्षर मला ओळखू आले, कारण माझी बाराखडी त्याच अक्षरावरून गिरवून घेतली होती.

तपासाला खात्याचे एक इन्स्पेक्टर आले. ते आमच्याच जातीचे, पदवीधर, बोलायला गोड. उतरले काकांकडेच. काकूंनी केलेली कोळंबीची खिचडी जेवून, विडा घेऊन मग त्यांनी वडिलांना बोलावले. मी बरोबर गेले, मला कोणी हटकले नाही. इन्स्पेक्टर म्हणाले की प्रकरण वाढवायची त्यांची इच्छा नाही. नुसती एक ओळ लिहून द्या. क्रम चुकीने बदलला, त्याबद्दल क्षमा असावी, पुढे पूर्वीच्याच क्रमाने काम करीन. एवढ्यावर फाइल बंद. माझ्याकडे बघून हसून म्हणाले की मुलीला अलिबागला घालायचे ऐकतो, चांगले आहे, तिच्या भविष्याचा विचार करा.

वडिलांनी विचारले की पूर्वीच्या क्रमाने गेलो तर तिसऱ्या दिवशी लस मेलेली असते, तिचे काय करू? इन्स्पेक्टर म्हणाले, “ती तुमच्या रजिस्टरात तर जिवंत असते ना?” आणि काका हसले.

वडिलांनी कागद मागितला. इन्स्पेक्टरना हायसे वाटले. वडील पडवीच्या कडेला बसून बराच वेळ लिहीत होते. एका ओळीला इतका वेळ का लागतो म्हणून काका दोनदा वाकून बघून गेले. लिहून झाल्यावर वडिलांनी कागद पुढे केला.

तो माफीनामाच होता. इंग्रजीत, सुवाच्य. त्याची प्रत वडिलांनी घरी ठेवली होती आणि मी ती इतक्यांदा वाचली की आजही त्यातली वाक्ये मला येतात. त्यात त्यांनी लिहिले होते की माझ्याकडून चूक झाली हे खरे आहे. ती यंदा झाली नाही. यंदाच्या आधीच्या प्रत्येक वर्षी झाली. माझ्या भागातल्या प्रत्येक गावात शेवटच्या वस्तीला मी निकामी लस टोचली, आठव्या दिवशी फोड उठला नाही हे डोळ्यांनी पाहिले, तरी पहिली खूण खोडली नाही. त्या नोंदी खोट्या आहेत आणि त्या माझ्या आहेत. खाली त्यांनी साथीत गेलेल्या मुलांची नावे लिहिली होती, रजिस्टरात होती तशी. आणि शेवटी, मी त्यांच्या घरच्यांची क्षमा मागतो.

इन्स्पेक्टरनी कागद वाचला आणि घडी घालून परत दिला. म्हणाले, “हे मागे घ्या. मी वाचलं नाही असं समजतो. अहो, याने तुमची नोकरी जाईल. त्या क्रमापायी गेली नसती.”

वडील म्हणाले, “वाचलंत तुम्ही.” त्यांनी कागद परत घेतला, लखोट्यात घातला, त्यावर अलिबागच्या मोठ्या साहेबांचा पत्ता लिहिला आणि लखोटा काकांच्या मेजावर ठेवला. गावचे पोस्ट तेच होते. काकांना शिक्का मारावा लागला.

महिन्याभरात वडील बडतर्फ झाले. कारण दिले ते खोट्या नोंदी केल्याचे, आरोपीच्या स्वतःच्या कबुलीवरून. लस का मरते याची चौकशी झाली नाही. काकांना कोणी काही विचारले नाही. नवा माणूस नेमला गेला. त्याने पहिल्या दिवशी वरची आळी केली, तिसऱ्या दिवशी दुपारी बांधापलीकडे गेला. आळीतली सगळी मुले सुखरूप राहिली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण गोष्टींमध्ये अशा वेळी अन्याय करणाऱ्याच्या घरी काहीतरी अरिष्ट येते. आमच्या आळीत काहीही आले नाही. काकांची नातवंडे गुबगुबीत होती.

आमच्या घरी मात्र आले. जून आला आणि माझी शाळा गेली. आई एरवी वडिलांना उलट बोलत नसे. त्या दिवशी ताट वाढून झाल्यावर ती म्हणाली, “खरं लिहिलंत, ठीकच केलंत. पण लिहिताना ही पोर आठवली का?”

वडील म्हणाले, “आठवली.”

मी त्यांच्याशी कित्येक दिवस बोलले नाही. त्यांचा अभिमान वगैरे मला तेव्हा काही वाटला नाही. मला वाटले, मेलेल्या मुलांसाठी यांनी जिवंत मुलीला विकले. मी त्यांना असे म्हटले नाही, पण त्यांना ते कळले असावे, कारण त्या दिवसांत ते माझ्यासमोर जरा वाकूनच वावरत.

आळीत ते ‘महारवाड्याचे मास्तर’ झाले. बारशाची बोलावणी थांबली. गणपतीत आरतीला गेलो तर प्रसाद वरून हातावर टाकला, आणि टाकणारी माझी सख्खी काकू होती. आई त्यानंतर त्या घरी गेली नाही. वर्ष सरायच्या आत आम्ही गाव सोडले आणि रेवदंड्याला बिऱ्हाड केले.

तिथे एका मुसलमान व्यापाऱ्याची नारळ-सुपारीची वखार होती. त्यांची गलबते मुंबईला जात आणि तिथल्या पेढ्यांशी इंग्रजीत पत्रे लिहावी लागत. वडील कामासाठी विचारायला गेले तेव्हा कथा आधीच तिथे पोचली होती. शेठ त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, “मास्तर, माफीनामा तुम्ही झकास लिहिता असं ऐकलंय. आता आमची खतंपत्रं लिहा. फक्त त्यात आमचे गुन्हे नका कबूल करू.” वडील कित्येक महिन्यांनी त्या दिवशी हसले, असे त्यांनीच घरी येऊन सांगितले.

त्या पत्रांच्या स्वच्छ प्रती मी काढू लागले. माझे इंग्रजी तिथून आले. शाळेतून नव्हे, सुपारीच्या प्रतवारीतून आणि वाऱ्यामुळे लांबलेल्या गलबतांच्या खुलाशातून. दोन वर्षांनी अलिबागच्या शाळेत गेले तेव्हा हेडमास्तरांनी मला एकदम वरच्या वर्गात बसवले. मॅट्रिक झाले, शिक्षिकेचे ट्रेनिंग झाले, आणि तीसचे दशक संपत आले तेव्हा जिल्ह्याबाहेरच्या एका मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली.

पहिल्याच आठवड्यात मी पाहिले की वर्गात दोन मुली दाराशी गोणपाटावर बसतात. बाकीच्या बाकांवर. ज्यांच्याकडून मी वर्ग घेणार होते त्या बाई बाकांवरच्या पाट्या तपासत तपासत मागे येत, आणि दाराशी पोचायच्या आत घंटा होई. कोणी त्या मुलींना हाकलत नव्हते. त्यांना शिकवू नका असेही कोणी म्हटले नव्हते. नुसता क्रम होता. दुसऱ्या दिवसापासून मी पाट्या दारापासून तपासायला सुरुवात केली. पाटी हातात घेऊन.

पालकांचा अर्ज आला. मुख्याध्यापिका चांगल्या घरच्या होत्या, आवाज न चढवता बोलत. त्यांनी मला खुलासा लिहून द्यायला सांगितले. मी लिहिला, पण दोनदा कागद फाडून. वडिलांना एकच कागद पुरला होता. मी लिहिले की बाकांवरच्या मुलींना माझी जितकी मिनिटे मिळतात तितकी दाराशी बसणाऱ्यांना आजवर मिळाली नाहीत, आणि ही चूक शाळेची आहे. मला काढून टाकले नाही, कारण गणित शिकवणारी दुसरी बाई मिळत नव्हती. याला धैर्य म्हणू नका. माझे गणित चांगले होते, एवढेच.

सुट्टीत वडिलांना हे सगळे सांगितले. मला वाटत होते ते काहीतरी बोलतील, निदान पाठीवर हात ठेवतील. त्यांनी विचारले, “त्या दोघींचं गणित कसं आहे?”

मी म्हटले, एकीचे चांगले, दुसरीचे फार कच्चे.

“मग दुसरीपाशी जास्त वेळ बस,” ते म्हणाले आणि पत्र लिहायला वळले.

मी जवळजवळ चाळीस वर्षे शिकवले आणि कच्च्या मुलीपाशी बसले. त्यामुळे हुशार मुली माझ्यावर नाराज असत, पालक असत, नंतर नंतर माझी स्वतःची मुलेही असत. तुमच्या आईवडिलांना विचारा. क्रमाच्या बाबतीत मी कुणाचे ऐकले नाही, आणि तो हट्ट माझा नाही, वडिलांचा आहे.

एका गोष्टीत मात्र मी त्यांच्यासारखी झाले नाही. ते रागावत नसत. काका आजारी पडल्याचे कळले तेव्हा ते चालत गावी गेले, दोन दिवस त्यांच्या उशाशी बसले, परत आले. मला म्हणाले, तूही जाऊन ये. मी गेले नाही. मी म्हटले, त्यांना तुमची क्षमा मागायची होती का? वडील म्हणाले, “तो विषय निघाला नाही.” मी त्या दिवशी त्यांच्यावर ओरडले, आयुष्यात एकदाच. म्हटले, तुम्ही मेलेल्या मुलांची नावे लिहून क्षमा मागता आणि यांना एक शब्द बोलता येत नाही? तो विषय निघत नाही म्हणूनच तर ही माणसे सुखाने जगतात आणि त्यांच्यावर दीड-दीड पान छापून येते. शेवटचे वाक्य मी आज जोडले आहे हे तुम्हाला कळलेच असेल. वडील एवढेच म्हणाले की मी माझ्या चुकीची क्षमा मागितली, त्याच्या चुकीची त्याने मागायची. मला ते उत्तर पटले नाही. अजूनही पटत नाही. त्यांच्या वाट्याचा राग मी केला, आणि चांगला टिकवला.

आता काय उरले ते लिहून थांबते. माफीनाम्याची घरातली प्रत पुढे कधीतरी बिऱ्हाड बदलताना गेली. कचेरीतल्या प्रतीसाठी मी दोनदा अर्ज केला, तेव्हा कळवण्यात आले की त्या काळातले कागद नष्ट केले आहेत. करंडी, दिवा, हत्यार यांतले काही राहिले नाही. वडिलांचा फोटो कधी काढलाच नव्हता. बांधापलीकडच्या त्या वस्तीला आता बौद्धवाडी म्हणतात. तिथे एक बाई राहते. त्या हिवाळ्यात, सकाळच्या वेळी, ताज्या नळीतल्या लशीने देवी काढलेल्या मुलांपैकी ती एक. तिला सून आहे, नातवंडे आहेत, आणि डाव्या दंडावर चार वण आहेत.